जिल्ह्याचें वर्तमानपत्र कोणाचें?

वर्तमानपत्र हें लोकशिक्षणाचें थोर साधन आहे, हें वाक्य आपण शाळेंतील निबंधांत इतक्या वेळां लिहिलें आहे कीं, त्याचा खरेपणा पडताळून पाहण्याची गरज कोणासच भासत नाहीं. सकाळीं दारांत पत्र पडतें, चहाबरोबर तें चाळलें जातें, आणि जगाची खबर घेतल्याचें समाधान मानून घरांतील मंडळी आपापल्या उद्योगास लागतात. खबर मिळते, हें खरें. दिल्लीची मिळते, मुंबईची मिळते, क्रिकेटची तर चेंडूगणिक मिळते. मिळत नाहीं ती आपल्याच जिल्ह्याची. मेहकरास काय चाललें आहे हें मलकापूरच्या वाचकास, आणि संग्रामपूर तालुक्यांत लोक कसलें पाणी पितात हें मेहकरच्या वाचकास, दारांत रोज पडणाऱ्या पत्रावरून कळत नाहीं. आमचें म्हणणें असें कीं, या दोषाचें मूळ बातमीदाराच्या आळसांत शोधूं नये. पत्राचा खर्च कोण भागवितो, या एका प्रश्नांत तें सांपडेल. आणि तो दोष दूर करण्याचें साधन सरकारपाशीं नाहीं व मालकापाशींहि नाहीं. तें तुम्हां-आम्हां वाचकांच्या खिशांत आहे.

कोणत्याहि आठवड्यांतील कोणतेंहि एक जिल्हा-पान उघडून पाहावें. वरचा अर्धा भाग कोणा पुढाऱ्याच्या वाढदिवसानें व्यापलेला असतो. मध्यें पुढाऱ्याचें हंसतमुख चित्र, आणि भोंवतीं तिकिटाएवढ्या चौकटींत 'शुभेच्छुक' म्हणून पन्नास मुखवटे. खालीं एखाद्या रस्त्याचें भूमिपूजन. तोच रस्ता गेल्या निवडणुकीपूर्वींहि पूजिला गेला होता काय, हें विचारण्याचें कारण कोणास पडत नाहीं. त्याखालीं जिल्हा माहिती कार्यालयाचें पत्रक स्वल्पविरामासकट जसेंच्या तसें उतरलेलें. मग एक अपघात, एक चोरी, आणि एका विद्यालयाचें स्नेहसंमेलन, जें 'उत्साहांत संपन्न' झालेलें असतें. जो कार्यक्रम उत्साहांत संपन्न झाला नाहीं असा एकहि कार्यक्रम आजवर आमच्या वाचनांत आलेला नाहीं.

सरकारी पत्रक छापूं नये, असें आम्ही म्हणत नाहीं. अधिकाऱ्यांनीं काय ठरविलें हें प्रजेस कळलेंच पाहिजे. परंतु पत्रक जेथें संपतें तेथें वर्तमानपत्राचें काम सुरू होतें, आणि आमचीं पत्रें नेमकीं तेथेंच थांबतात. पाणीटंचाईच्या बैठकींत टँकर देण्याच्या सूचना झाल्या, हें छापून येतें. आठव्या दिवशीं तो टँकर गांवांत पोंचला कीं नाहीं, हें येत नाहीं. पीकविम्याची रक्कम मंजूर झाल्याचा मथळा सात स्तंभांत झळकतो. कोणत्या मंडळांतील किती शेतकऱ्यांच्या खात्यांत किती रुपये जमा झाले, याचा आंकडा शोधूनहि सांपडत नाहीं. घोषणा ही बातमी आणि अंमलबजावणी ही मात्र बातमी नव्हे, असा हा विचित्र न्याय आहे.

आमच्या जिल्ह्याची रचनाच अशी आहे कीं, त्याच्या दोन भागांची एकमेकांस ओळख करून देणारा कोणी तरी मध्यस्थ असावा लागतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेनें त्याचे दोन तुकडे केले आहेत. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा व देऊळगांव राजा. घाटाखालीं मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगांव, शेगांव, जळगांव जामोद व संग्रामपूर. आगगाडी घाटाखालून धांवते. जिल्ह्याच्या मुख्य शहरास ती नाहींच. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत विहिरींना क्षारयुक्त पाणी लागतें, आणि तेथील गांवांतून मूत्रपिंडाच्या विकाराची तक्रार वर्षानुवर्षें ऐकूं येते. ही बातमी उन्हाळ्यांत एकदां येते आणि पहिल्या पावसाबरोबर वाहून जाते. कोणत्या गांवांत किती रुग्ण, कोणती नळयोजना कोणत्या सालीं मंजूर होऊन कोठें अडली, याचा पाठपुरावा वर्षभर करणारें पान आमच्या पाहण्यांत नाहीं. लोणारचें सरोवर जून २०२० मध्यें गुलाबी झालें तेव्हां त्याची छायाचित्रें देशभर झळकलीं, आणि खारांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळें तो रंग आल्याचा निर्वाळा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें दिला. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत त्यास रामसर स्थळाचा मान मिळाला. परंतु त्याच सरोवराच्या रक्षणासाठीं नागरिकांना २००९ पासून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढें जनहित याचिका चालवावी लागली, हें आपल्या जिल्ह्यांतील किती सुशिक्षित घरांस ठाऊक आहे?

शेतकऱ्याच्या स्थितीविषयीं तर बोलावयासच नको. २००६ सालीं पंतप्रधानांनीं विदर्भांतील ज्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली, त्यांत बुलढाणा होता. त्या काळांत आमच्या जिल्ह्यांतील कुणब्याच्या घरीं काय घडत होतें हें पुढील पिढीस जाणून घ्यावयाचें झाल्यास तिला जुन्या वर्तमानपत्रांच्या फायलींचा फारसा उपयोग होणार नाहीं. तिला याच जिल्ह्याचे सदानंद देशमुख यांची 'बारोमास' ही कादंबरी उघडावी लागेल. त्या कादंबरीस २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, ही आपल्या अभिमानाची गोष्ट आहे. पण जी हकीकत रोजच्या पत्रांत यावयाची ती कादंबरीकारास सांगावी लागावी, हें वर्तमानपत्रांस भूषणावह नाहीं.

अलीकडची एक घटना घेऊं. तींत या दुखण्याचीं सर्व लक्षणें एकत्र आढळतात. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस व जानेवारी २०२५ मध्यें शेगांव तालुक्यांतील बोंडगांव, काळवड, हिंगणा इत्यादि गांवांत माणसांचे केंस अकस्मात् गळूं लागले. प्रथम खाज, मग केंस हातांत येणें, आणि कांहीं दिवसांत टक्कल. लहान मुलें, स्त्रिया, वृद्ध, कोणीहि सुटलें नाहीं. बातमी दडून राहिली नाहीं, हें मान्य केलें पाहिजे. उलट ती नको तितकी गाजली. कोणी त्यास 'टक्कल व्हायरस' असें नांव देऊन मोकळें झालें. तुळतुळीत डोकीं पुढें करून बसलेल्या गरीब माणसांचीं चित्रें घरोघर पोंचलीं. परिणाम काय झाला? त्या गांवांशीं सोयरीक करण्यास लोक बिचकूं लागल्याच्या वार्ता आल्या, आणि रोगापेक्षां रोगाची अपकीर्ति अधिक जाचक झाली.

मध्यंतरीं पाण्याचे नमुने तपासले गेले व त्यांत नायट्रेटचें प्रमाण फार असल्याचें सांगण्यांत आलें. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचें पथक येऊन गेलें. पुढें फेब्रुवारींत विंचूदंशावरील संशोधनासाठीं प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं आपल्या तपासणीवरून शिधावाटप दुकानांतील गव्हाकडे बोट दाखविलें: त्या गव्हांत सेलेनियम या द्रव्याचें प्रमाण स्थानिक गव्हापेक्षां अनेक पटींनीं अधिक असल्याचें त्यांचें म्हणणें होतें. एप्रिलांत त्याच गांवांतील कांहींजणांचीं नखेंहि गळूं लागलीं.

आतां विचार करावा. येथें जिल्ह्याच्या पत्राचें कर्तव्य काय होतें? तो गहू कोणत्या गोदामांतून, कोणत्या तारखेस, किती दुकानांत गेला. तोच गहू खाणाऱ्या इतर गांवांत काय आढळलें. उरलेल्या साठ्याचें पुढें काय झालें. प्रयोगशाळांचे अहवाल कोणाच्या टेबलावर आहेत: हे प्रश्न विचारावयास कोणत्याहि पदवीची गरज नव्हती. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आपल्या हातीं आहे. अर्जास दहा रुपये लागतात आणि उत्तरास तीस दिवसांची मुदत आहे. मुंबईहून आलेला चित्रवाणीचा प्रतिनिधि दोन दिवसांत परत जाणार, हें ओघानेंच आलें. पण जो बातमीदार शेगांवांतच राहतो, ज्याच्या घरीं कदाचित् त्याच दुकानाचा गहू येतो, त्याच्या पत्रानें हा धागा सोडावा याला काय म्हणावें? कोंकणच्या एका वैद्यानें शेगांवच्या गव्हाचा माग काढावा आणि जिल्ह्याच्या पानांनीं त्याची नुसती दखल घ्यावी, हा प्रकार लाजिरवाणा आहे.

असें कां होतें? तालुक्याच्या बातमीदाराची स्थिति पाहिली म्हणजे कोडें उलगडतें. त्यास बहुधा पगार नसतो, अथवा असला तर तो सांगण्यासारखा नसतो. त्याची कमाई जाहिरातींवरील दलालींतून होते. दिवाळी, पंधरा ऑगस्ट, पुढाऱ्यांचे वाढदिवस यांसाठीं अमुक इतक्या रुपयांच्या जाहिराती आणाव्यात, असें उद्दिष्ट त्यास वरून ठरवून मिळतें. जो कंत्राटदार पुरवणीस जाहिरात देतो त्याच्याच रस्त्यावरील खड्ड्यांची बातमी या माणसानें कोणत्या तोंडानें लिहावी? ज्या संस्थाचालकाकडे तो सकाळीं पावतीपुस्तक घेऊन गेला, त्याच्याच शाळेंतील शिक्षक-भरतीविषयीं सायंकाळीं कसें विचारावें? त्या पत्राच्या मालकाचीहि हीच गत आहे. कागद व छपाई यांचा खर्च वाचक देतो त्या किंमतींतून निघत नाहीं. तूट जाहिरातींनीं भरून काढावी लागते. लहान पत्रांचा तर मुख्य आधार सरकारी जाहिराती हाच असतो, आणि त्या जाहिराती शासनमान्य यादींतील अ, ब, क वर्गवारीवर अवलंबून असतात. ज्याच्या यादींत आपलें नांव राहावें म्हणून धडपडावें, त्याच्याच कारभाराचा हिशेब मागावा, ही अपेक्षा संतांकडून करावी. छापखान्याचें बिल थकलेल्या गृहस्थाकडून करूं नये.

ही व्याधि केवळ तालुक्यापुरती नाहीं. २००९ च्या विधानसभा निवडणुकींत महाराष्ट्रांतील एकमेकांच्या प्रतिस्पर्धी म्हणविणाऱ्या दैनिकांत तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या स्तुतीचा एकच लेख शब्दशः छापून आला, हें पत्रकार पी. साईनाथ यांनीं उघडकीस आणलें. त्यानंतर भारतीय वृत्तपत्र परिषदेनें परंजय गुहा ठाकुरता व श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिति नेमली. तिनें पत्रांचीं नांवें घेऊन ७१ पृष्ठांचा अहवाल दिला. परिषदेनें २०१० मध्यें त्याचा नांवें वगळलेला संक्षेप तेवढा प्रसिद्ध केला, आणि मूळ अहवाल बाहेर यावयास केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागून २०११ साल उजाडलें. जगाच्या गुप्त गोष्टी उघड करणें हा ज्यांचा धंदा, त्यांच्या स्वतःच्या गोष्टी उघड करण्यास माहितीचा कायदा वापरावा लागला! पैसा ज्याचा, पान त्याचें, हा या धंद्याचा नियम आहे. आणि वाचकाचा पैसा त्यांत इतका थोडा आहे कीं, त्याच्या वांट्यास पानाचा कोपराच यावयाचा.

येथें बातमीदारांच्या बाजूनेंहि दोन शब्द बोललेच पाहिजेत. त्यांच्यांत निर्भय माणसें नाहींत असें नाहीं. पण निर्भयतेची किंमत त्यांना एकट्यानें मोजावी लागते. फेब्रुवारी २०२३ मध्यें राजापूर येथें शशिकांत वारिशे या स्थानिक पत्रकारास मोटारीखालीं चिरडण्यांत आलें व दुसऱ्या दिवशीं त्यांचा अंत झाला. बारसूच्या नियोजित तेलशुद्धीकरण प्रकल्पाविषयीं ते लिहीत होते. पत्रकारांच्या संरक्षणाचा कायदा महाराष्ट्रानें २०१७ सालींच संमत केला होता. कायदा पाठीशीं असणें निराळें आणि समाज पाठीशीं असणें निराळें. ज्या गांवासाठीं माणूस लिहितो त्या गांवानें त्याची वर्गणीहि भरूं नये, आणि तो पडल्यावर मेणबत्त्या मात्र लावाव्यात, यांत गांवाचा मोठेपणा नाहीं.

मराठी वृत्तपत्रसृष्टीचा इतिहास पाहिला तर तिचें तेज मोठ्या भांडवलांतून कधींच आलेलें नाहीं. बाळशास्त्री जांभेकरांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं 'दर्पण' काढलें तें धंदा म्हणून नव्हे. कृष्णराव भालेकरांनीं १८७७ मध्यें 'दीनबंधु' सुरू केलें, कारण बहुजनांचीं दुःखें छापावयास दुसरें पत्र नव्हतें. डॉ. आंबेडकरांच्या 'मूकनायका'ची गोष्ट तर प्रत्येक वाचकानें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. ३१ जानेवारी १९२० रोजीं निघालेल्या त्या पाक्षिकाची जाहिरात पैसे घेऊनहि छापण्यास 'केसरी'नें नकार दिला. शाहू महाराजांनीं मात्र अडीच हजार रुपयांची मदत दिली. ज्यांची बातमी कोणी छापीत नाहीं त्यांना स्वतःचें पत्र काढल्यावांचून गत्यंतर नसतें, हा धडा त्यांत आहे. आमच्या वऱ्हाडांतहि ब्रिजलाल बियाणींनीं अकोल्यास 'मातृभूमि' काढलें, तें परक्या सत्तेच्या जाहिरातींवर विसंबून नव्हे.

कोणी म्हणेल, आतां प्रत्येकाच्या हातीं भ्रमणध्वनि आहे. जो तो आपला वार्ताहर झाला आहे. मग वेगळें पत्र कशास? आम्हांस हा युक्तिवाद पटत नाहीं. हातीं ध्वनिक्षेपक धरून यूट्यूबवर वाहिनी काढल्यानें माणूस स्वतंत्र होत नाहीं. त्यालाहि पोट आहे, आणि तेंहि बहुधा त्याच पुढाऱ्याच्या वाढदिवसावर भरतें. व्हॉट्सॲपच्या समूहांतून बातमी धांवते खरी, पण तिला धनी नसतो. 'टक्कल व्हायरस' हें नांव या वाटेनें किती घरांत शिरलें असेल! छापलेलें खोटें निघालें तर संपादकास जाब विचारतां येतो. पुढें ढकललेल्या निरोपाचा जाब कोणास विचारावयाचा? स्वातंत्र्याची परीक्षा साधनावरून होत नाहीं. ती जमाखर्चाच्या वहीवरून होते.

ही गोष्ट साध्य आहे, याचे दाखले आहेत. उत्तर प्रदेशांतील चित्रकूट येथें २००२ सालीं खेड्यांतील स्त्रियांनीं 'खबर लहरिया' हें पत्र काढलें. त्यांत दलित स्त्रिया होत्या, अल्पशिक्षित स्त्रिया होत्या. त्यांनीं बुंदेलखंडाच्या बोलींत रस्त्याचें, रेशनाचें, अत्याचाराचें वर्तमान लिहिलें आणि पुढें हें काम चित्रफितींच्या रूपानें देशभर नेलें. सातारा जिल्ह्यांत म्हसवडसारख्या दुष्काळी गांवीं २००८ पासून 'माणदेशी तरंग' हें समुदाय-नभोवाणी केंद्र स्त्रियांच्या पुढाकारानें चाललें. अशा केंद्रांस सरकारनें २००६ मध्यें दार उघडलें, पण आकाशवाणीच्या बातम्यांवांचून स्वतःची बातमी देण्यास मनाई ठेवली. शेतीचा सल्ला द्यावा, ओव्या ऐकवाव्यात, मात्र ग्रामपंचायतींत काल काय झालें तें बोलूं नये! म्हणून निदान बातमीपुरता तरी छापील कागदाचा वा इंटरनेटचाच मार्ग उरतो. बर्लिनचें 'ताझ' हें दैनिक तर १९९२ पासून हजारों वाचक-सभासदांच्या सहकारी संस्थेच्या मालकीचें आहे. सहकार हा शब्द आम्हां महाराष्ट्रीयांस जर्मनांनीं शिकवावा काय? साखर सहकारानें झाली, सूत सहकारानें झालें, पतपेढ्या गल्लोगल्लीं झाल्या. बातमी तेवढी आम्हीं सावकारावर सोंपविली.

आमची सूचना साधी आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणें जिल्ह्याची वस्ती पंचवीस लाखांहून अधिक होती. म्हणजे पांच लाखांच्या आसपास घरें. त्यांतील एक हजार घरांनीं, पांचशें घरांमागें एका घरानें, दरमहा शंभर रुपये दिले तर वर्षाचे बारा लाख होतात. एवढ्यांत दैनिक निघणार नाहीं, आणि निघूंहि नये. पाक्षिक निघेल, घाटावर एक व घाटाखालीं एक, असे दोन पगारी बातमीदार पोसले जातील. नियम मोजकेच असावेत. सरकारी जाहिरात, उमेदवाराची जाहिरात आणि वाढदिवस यांस मज्जाव. जमाखर्च वर्षांतून एकदां त्याच पत्रांत छापावा. चूक झाली तर दुरुस्ती ज्या पानावर चूक त्याच पानावर यावी. कोणाहि सभासदास एकाहून अधिक मत नसावें, आणि निवडणूक लढविणाऱ्यानें व्यवस्थापक मंडळावर बसूं नये. भाषा प्रमाण असावी, पण लोकांचें बोलणें लोकांच्या वऱ्हाडींतच यावें. आमच्या महाविद्यालयांतून दरवर्षीं शेंकडों मुलें-मुली पदवी घेऊन बाहेर पडतात. त्यांतील दहांनीं जरी माहितीचा अर्ज लिहावयास व बाजार समितीचा ताळेबंद वाचावयास शिकून घेतलें, तरी या पत्रास लेखकांचा तोटा पडणार नाहीं.

सहकारी संस्था पुढारी गिळंकृत करतात, ही शंका रास्त आहे. तिची उदाहरणें आपल्या डोळ्यांपुढें आहेत. पण कारखाना गिळला जातो तो सभासद वार्षिक सभेस जात नाहींत म्हणून. पत्राचा सभासद तर दर पंधरा दिवसांनीं आपली मालमत्ता स्वतः वाचणार आहे. त्यांत वाढदिवसाचें चित्र दिसलें कीं, त्यास तत्काळ कळेल. दुसरी शंका अशी कीं, असलीं पत्रें अल्पायुषी ठरतात. 'मूकनायक' १९२३ मध्यें बंद पडला. १९२७ मध्यें निघालेलें 'बहिष्कृत भारत' १९२९ मध्यें थांबलें. हें खरें आहे. परंतु ते वर्गणीदार पोटाला चिमटा घेऊन वर्गणी देणारे गिरणी-कामगार व खेडूत होते. आपली स्थिति ती नाहीं. महिन्याकांठीं चित्रपटाच्या एका तिकिटाला आपण याहून अधिक खर्च करतों. त्या पत्रांना गरिबीनें मारलें. आपलें पत्र निघालें नाहीं तर त्याचें कारण गरिबी असणार नाहीं.

उद्यां दुसऱ्या एखाद्या गांवीं केंस गळतील, वा विहिरीचें पाणी बाधेल, वा एखाद्या वळणावर बस उलटेल. त्या वेळीं आपण पुन्हां मुंबईच्या वाहिनीची वाट पाहणार काय? एक हजार घरें ही कांहीं मोठी संख्या नव्हे. खामगांव, चिखली, बुलढाणा या तीन शहरांतील शिक्षक, वकील, डॉक्टर व व्यापारी यांनीं मनांत आणलें तर ती एका महिन्यांत पुरी होईल. हा लेख ज्या घरांत वाचला जाईल त्या घरानें पहिल्या शंभर रुपयांचा विचार आजच करावा. पत्राचें नांव काय ठेवावें याचा वाद मागाहून घालतां येईल.